उलट्या वाटेची सवारी

१

लातूरला निघालेली गाडी बिलोलीच्या अलीकडे काळ्या मातीत रुतलेली सापडली, आणि आत सिद्धम्मा बसलेली होती. बसलेली, हे नीट ऐकून ठेवा, कारण सिद्धम्मा आदल्या दिवशी सांजेलाच नांदेडात वारली होती.

पांढरी व्हॅन होती. मधलं सीट काढून तिथं लाकडी फळी टाकलेली, मयत निजवायला टाकतात तशी. पण फळी मोकळी. मागच्या सीटवर म्हातारी मांडी घालून बसलेली. पाठ ताठ, अंगावर इरकल लुगडं, कपाळभर भस्म. पडू नये म्हणून गोधडीची पट्टी करून तिला सीटला बांधलेलं. डोळे पुरते मिटलेले नव्हते. भाद्रपदातली झड नुकतीच उघडली होती आणि उन्हाची तिरीप तिच्या तोंडावर आली होती.

फौजदार वर्षाराणी दाराशी थांबली. नोकरीत तिनं मढी कमी बघितली नव्हती. विहिरीतली, रुळावरची, झाडाला लटकलेली, सगळी. पण मेलेलं माणूस आपल्या उंचीवर बसून आपल्याकडे बघतंय, हे तिला नवीन होतं. तिला भीती वाटली. वाटली ती वाटली, त्यात लपवायचं काय.

गाव बांधावर उभं होतं. जवळ यायला कुणी तयार नाही. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर तपासून मागं सरले आणि म्हणाले, "मरण साधंच आहे. म्हातारपण, दमा. काल सांजेच्या सुमाराला गेल्यात. अंग पार ताठरलंय."

मग चौघांनी धीर करून म्हातारीला स्ट्रेचरवर निजवायचं बघितलं. पट्टी सोडली, उचललं. पण मांडी सुटेना. गुडघे वर, पाठ वाकलेली, आडवी केली की ती पुन्हा एका अंगावर कलंडायची. शेवटी त्यांनी तिला होती तशी पुन्हा बसवली आणि बांधावर पळाले.

"तिला निजायचं न्हाई," बायकांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं. "तिचं काहीतरी राहिलंय."

वर्षाराणीनं तिकडं दुर्लक्ष केलं. पण गाडीकडे पाठ करून उभं राहायचं तिला जमेना, हेही खरं. ती जरा तिरकीच उभी राहिली.

सकाळी ठाण्यात निरोप आला होता तो एवढाच, की सिद्धम्माच्या मुलानं, अमरनाथनं, लातूरच्या वाटेवरून फोनवर तक्रार केलीय: आईचं प्रेत घेऊन येणारी गाडी हायजॅक झाली. नांदेडहून लातूरला जायचं म्हणजे लोहा, अहमदपूर. बिलोली अगदी उलट्या तोंडाला. रस्ता चुकून इथं कुणी येत नाही.

तेवढ्यात जमादार नजीर चिखल तुडवत आले. "म्याडम, डायव्हर घावला. तिकडं बाभळीखाली बसून हाय. हात बांधल्यात त्याचे."

२

डायव्हर फरहान. वय पंचविशीतलं, अंगावर नवा शर्ट, चेहरा रडून सुजलेला. रोज उमरी-नांदेड सवाऱ्या मारायचा. मयत पहिल्यांदाच घेतली होती.

"सकाळी नांदेड सोडलं," तो म्हणाला. "वस्तीच्या भाईर आलो तर दोघं जण मोटारसायकल आडवी लावून उभे. तोंडाला रुमाल. एक माझ्याजवळ बसला, दुसरा मागं. म्हणले, गाडी वळव. अमरनाथसायबांचा फोन आला तर मी कसंबसं सांगितलं, गाडी हायजॅक झाली. मग त्यांनी मोबाईल बंद केला. हितं गाडी फसली, तर मला बांधून पळाले."

"म्हातारी कुठं होती?"

"फळीवर. निजलेली."

"मग सीटवर कशी गेली?"

"त्या दोघांनीच उठवून बसवलं. रस्त्यात गाडी थांबवून."

"तुझ्यासमोर?"

"हाव. माझ्यासमोर."

नजीर जमादार इतका वेळ त्याच्या मनगटांकडे बघत होते. बांधलेला रुमाल त्यांनी उलटसुलट करून पाहिला. "बाबा, चोर म्हणलं की हात मागं बांधतो. तुझे पुढं बांधल्यात. आन् गाठीला दाताचे वण हायत. लई मायाळू चोर भेटले तुला."

फरहान मान खाली घालून रडत राहिला. थोड्या वेळानं डोळे पुसून त्यानं व्हॅनकडे पाहिलं. "म्याडम, आजीच्या तोंडावर ऊन येऊन राहिलं. गाडीला काहीतरी आडवं लावा ना."

वर्षाराणीनं शिपायाला सांगून दाराला ताडपत्री लावली. पोरगं खोटं बोलतंय, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण खोटं बोलणारा माणूस स्वतःची कातडी वाचवतो. याला मयताच्या तोंडावरचं ऊन दिसतंय. इथं कुठंतरी पाणी मुरत होतं.

ट्रॅक्टर लावून व्हॅन बाहेर ओढली आणि ग्रामपंचायतीसमोरच्या लिंबाखाली आणून उभी केली. सिद्धम्मा आत तशीच बसून होती. गावातून जाताना दारादारातल्या बायांनी हात जोडले. आणि गाडी थांबते न थांबते तोच दोन मोटारी धुरळा, नाही, चिखल उडवत आल्या.

३

अमरनाथ खाली उतरला तो फोन कानाला लावूनच. पांढरे कपडे, कडक इस्त्री. लातुरात समाजाच्या दोन-तीन संस्थांवर त्याचं नाव होतं. त्यानं एक बोट वर करून वर्षाराणीला थांबायची खूण केली, फोनवरचं बोलणं पुरं केलं आणि मग म्हणाला, "म्याडम, दिवसाढवळ्या मयत हायजॅक होते. कायदा आहे का नाही या जिल्ह्यात? पत्रकार निघालेत लातूरहून."

"आत चला, बसा. हायजॅक म्हणजे नक्की काय झालं म्हणता?"

"नक्की काय म्हणजे? हायजॅक म्हणजे हायजॅक. गेल्या वर्षी आमचं उपोषण असंच हायजॅक केलं विरोधकांनी. आता तर घरातलीच माणसं करायला लागली."

नजीर जमादार दाराच्या चौकटीला टेकून होते. ते हळूच म्हणाले, "आमच्या लहानपणी इमानं व्हायची हायजॅक. रेडिओवर ऐकायचो. आता लग्नातला माईकसुदीक होतो."

अमरनाथनं त्यांच्याकडे बघितलं नाही. "माझी बहीण रेणुका. याच गावात दिलीय. तिनंच केलंय हे. आई माझ्या खर्चानं नांदेडात उपचार घेत होती, खोली करून दिली होती मी. शेवटी तिचं चांगलं व्हावं म्हणून लातुरात मांडव घातला, मठातनं महाराज बोलावले, समाजाच्या स्मशानात जागा घेतली."

"नांदेडात आईजवळ कोण असायचं?"

"शेजारची एक म्हातारी बघायची. अमीरबी."

"गाडी कुणी ठरवली?"

"शवगाडी मिळाली नाही. गल्लीतलीच गाडी बघा म्हणालो मी."

"आईला गाडीत ठेवलं तेव्हा तुम्ही होता?"

"म्हणजे काय?" अमरनाथ ताठ बसला. "सकाळी लातूरहून जाऊन, या हातांनी फळीवर निजवली मी तिला. तोंडावरनं हात फिरवला. मग तयारीसाठी पुढं निघालो."

"तुम्ही लिंगायत. तुमच्यात मयताला बसवून पुरतात ना?"

"बसवतात. लातूरला नेल्यावर बसवणार होतो."

तो पुन्हा फोनकडे वळला. नजीर जमादारांनी वर्षाराणीला बाहेर खुणावलं आणि गावात ऐकलेलं सांगितलं. सिद्धम्माच्या नवऱ्याची, रामलिंगाची, समाधी इथंच त्यांच्या शेतात होती. शेत आता अमरनाथच्या नावावर, आणि प्लॉटिंगवाल्याशी त्याची बोलणी चाललेली. एक समाधी आहे ती कोपऱ्यात आहे. दुसरी शेजारी झाली तर त्या जमिनीला हात लावायला कोण धजणार? जितेपणी आईला नांदेडातल्या खोलीत ठेवली आणि आता मांडव. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते हेच.

"आन् म्याडम," नजीर म्हणाले, "शेतात त्या समाधीशेजारी खड्डा खणून तयार हाय. ताजाच. माती अजून वली हाय."

४

रेणुका शेतातून चालत आली. चाळिशीची बाई, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत काळ्या मातीनं भरलेले. खड्डा कुणी खणला हे विचारायची गरजच राहिली नाही.

ती कुणाशी न बोलता व्हॅनमध्ये चढली. आईसमोर फळीवर बसली. कितीतरी वेळ ती नुसती तिच्या तोंडाकडे बघत होती. वर्षाराणी दाराशी उभी होती आणि तिला वाटलं की आता ही हंबरडा फोडेल. पण रेणुकाची नजर आईच्या मांडीवर गेली आणि ती दचकली.

"हे उजव्या हातात कुणी दिलं?"

म्हातारीच्या उजव्या मुठीत काहीतरी घट्ट धरलेलं होतं. रेणुकानं बोटं सोडवायचा प्रयत्न केला. बोटं हलेनात. "लिंग हाय तिचं," ती वर्षाराणीला म्हणाली. "जन्मभर गळ्यात असतंय आमच्या. पूजेला डाव्या तळहातावर घेतो. जातानाबी डाव्याच हातात देतात. एवढंबी कळलं न्हाई का कुणाला?" आणि मग मात्र ती रडली. आईच्या त्या मुठीवर डोकं टेकून रडली.

"काय झालं आता?" अमरनाथनं बाहेरून विचारलं. तो दारापासून चार हातांवर होता आणि आत बघत नव्हता.

ग्रामपंचायतीत रेणुकाची उत्तरं तुटक होती.

"गाडी तू आणवलीस?"

"न्हाई. आणवली असती, पण सुचलं न्हाई मला. तिला बापूंशेजारीच ठेवायचं, हे भावाला सांगून माझं तोंड दुखलं. तो आईकून घेईना."

"मग गाडी येणार हे ठाऊक नसताना खड्डा का खणलास?"

रेणुका हातावरची माती चोळत म्हणाली, "रात्र सरंना. घरात बसवंना. खणत राहिले. लातूरला जाऊन पाया पडून आणीन म्हणलं होतं."

"आई गेली हे कुणी कळवलं? भावानं?"

"त्यानं न्हाई."

"मग?"

"कळलं."

बाहेर अमरनाथचा आवाज चढला होता. "खड्डा खणून बसलीय, गाडी शेताच्या वाटेवर फसलीय, आणखी काय पुरावा पाहिजे? तिच्यावर गुन्हा घ्या आणि मयत माझ्या ताब्यात द्या. वारस मी आहे. दिवस मावळायच्या आत मला लातूर गाठायचंय."

हे ऐकून रेणुका उठली आणि व्हॅनच्या पुढच्या चाकाला टेकून खाली मातीत बसली. "न्या," ती म्हणाली. "माझ्या अंगावरून न्या."

बांधावरचं गाव आता लिंबाखाली गोळा झालं होतं आणि सगळे वर्षाराणीकडे बघत होते. तिनं आता फक्त एक सही करायची होती. रेणुका आरोपी झाली की मयत मुलाची, विषय संपला. गोठलेली हवा अशी की आत बसलेली सिद्धम्माही त्या सहीची वाट बघत असावी, असं तिला उगाच वाटून गेलं.

५

ग्रामपंचायतीच्या खोलीत हवालदार पेन घेऊन बसला होता. "म्याडम, कलम कोणतं टाकू? हायजॅक असं काही सापडंना. चोरी टाकू?"

"चोरी कशाची? गाडी इथंच आहे. मयत इथंच आहे. अंगावरचा मणीसुद्धा गेला नाही."

"मग अपहरण?"

"जित्या माणसाचं असतं ते."

तिनं नजीर जमादारांना दार लोटायला सांगितलं. डोकं दुखत होतं आणि डोळे मिटले की म्हातारीचे अर्धे मिटलेले डोळे दिसत होते. बोलल्याशिवाय गुंता सुटणार नव्हता, म्हणून ती बोलायला लागली.

"जमादार, तुमच्या त्या विमानाचं सांगा. हायजॅक व्हायचं म्हणजे काय व्हायचं?"

"इमान आपल्या वाटेनं जात असायचं. आत बसलेला एखादा उठायचा, पायलटला धाक घालायचा. म्हणायचा, तिकडं न्हाई, हिकडं चल."

"म्हणजे विमान तेच, माणसं तीच, प्रवासही चालूच. फक्त जायचं कुठं हे दुसराच ठरवतो. आणि करणारा बहुतेक आधीपासून आतच बसलेला असतो. अहो, आपण सकाळपासून बाहेरचे दोघं शोधतोय. मोटारसायकलवाले."

नजीर खुर्ची ओढून बसले.

"डॉक्टर काय म्हणाले? काल सांजेला गेली, अंग ताठरलंय. चौघांना तिची मांडी सोडवता आली नाही. मग आज सकाळी निजलेल्या, लाकूड झालेल्या म्हातारीला रस्त्यात दोघांनी मांडी घालून बसवली कशी?"

"न्हाईच बसवता येत," नजीर म्हणाले. "मयतीचं काम केलेल्या कुणालाबी इचारा."

"म्हणजे जीव गेल्या गेल्या, अंग मऊ होतं तोवरच तिला बसवलंय. नांदेडात, त्या खोलीत. ती रात्रभर बसून होती आणि सकाळी बसलेलीच गाडीत चढली. फळीवर ती निजलीच नाही कधी. फरहान खोटं बोलला."

"आन् सायब बी," नजीर हळू आवाजात म्हणाले. "या हातांनी निजवली म्हणले."

"त्यांचं नंतर बघू. आधी सांगा, बसवली कुणी? मांडी नीट घातलीय, भस्म लावलंय, पट्टी बांधलीय. ज्यानं केलं त्यानं लिंगायतांच्या घरातली मरणं जवळून बघितलीत. पण लिंग उजव्या हातात दिलं. ही चूक रेणुकाकडून होईल? ती तर बघताक्षणी दचकली. तिच्या घरचं पोरसुद्धा असं करणार नाही."

नजीर स्वतःच्या हातांकडे बघत म्हणाले, "म्याडम, आमच्यात चांगली चीज डाव्या हातानं देत न्हाईत. माझी माय डाव्या हातानं पाण्याचा गिलाससुदीक देऊ द्यायची न्हाई. पाक चीज, तीबी मरणाऱ्याच्या हातात द्यायची म्हणजे उजव्याच हातात देणार की."

बाहेर अमरनाथ कुणाला तरी फोनवर मांडवातल्या खुर्च्यांचं सांगत होता.

"गाडी गल्लीतलीच होती," वर्षाराणी म्हणाली. "पोरगं मयताला आजी म्हणतंय. रेणुकाला मरण कुणी कळवलं ते ती सांगत नाही, कारण सांगितलं तर त्या माणसावर येईल. जमादार, सही थोडी थांबू दे. फरहान त्या शेजारच्या अमीरबीचा नातू असणार, आणि त्याचा फोन सकाळपासून बंद आहे. अजून एक बाई आपण होऊन इथं येईल, बघा तुम्ही."

६

ती आली. बिलोलीच्या एसटीनं फाट्यावर उतरली आणि चिखलातून चपला हातात घेऊन आली. वाळून गेलेली, काठी टेकत चालणारी म्हातारी. गर्दीनं आपोआप वाट दिली. ती आधी व्हॅनपाशी गेली, ताडपत्री बाजूला करून आत बघितलं आणि म्हणाली, "पोचली न्हाईस का अजून, सिद्धम्मा? हितंच बसवून ठेवली का तुला?"

मग ती फरहानकडे वळली. "येड्या, काय सांगितलं होतं मी तुला? कुणी इचारलं तर सरळ सांग म्हणले होते. हे चोरचिलटं कुठनं आणलेस?"

"दादीमाँ, सायबाचा फोन वर फोन येत होता. घाबरून तोंडातून गेलं," फरहान म्हणाला. "मग तेच निभावावं लागलं."

अमीरबी ओसरीवर टेकली. वर्षाराणीनं विचारायच्या आधीच बोलायला लागली.

"माझ्या मांडीवर गेली ती. रामलिंगभाऊ होते तेव्हापासूनचा आमचा शेजार, ह्याच गावात. मागनं आम्ही नांदेडात गेलो. हिला पोरानं तिथं ठेवली तर अल्लानं पुन्हा माझ्याच दारात आणून घातली. दोन सालं माझ्या हातचं पाणी पिली. शेवटल्या दिसात एकच धोशा. अमीर, मला मालकाजवळ बसव. लातूरला नेलं तर मी स्वस्थ बसायची न्हाई, तुझ्या उशाशी येऊन बसेन." अमीरबीनं डोळे पुसले. "ती भेव घालायची म्हणून न्हाई केलं मी. मी जबान दिली होती. जीव गेला तशी भिंतीला टेकवून बसवली, तिच्या सासूला बसवताना बघितलं होतं तसं. रातभर दोघी बसलो. ती तिकडं, मी हिकडं. एकदा तर वाटलं, बोलंल आता. सकाळी पोराला म्हणले, घेऊन जा तिच्या शेतावर."

"आणि रेणुकाला?"

"तिला एवढंच सांगितलं की आई गेली. गाडीचं न्हाई सांगितलं. पोरीवर कशाला आणा."

अमरनाथ पुढं झाला. "ऐकलंत म्याडम? कबूल झाली. दोघांना आत टाका. हे हायजॅकच आहे."

"टाकते," वर्षाराणी म्हणाली. "तुमचा जबाब आधी पुरा करू. तुम्ही म्हणालात, या हातांनी आईला फळीवर निजवली, तोंडावरनं हात फिरवला. लिहू तसंच?"

"लिहा."

"ती काल सांजेपासून बसलेली आहे. निजवता येत नाही तिला, गावातल्या चौघांना विचारा. लातूरला नेल्यावर बसवणार होतो म्हणालात. मुलानं आईला एकदा बघितलं असतं तरी त्याला कळलं असतं की ती बसलेलीच आहे."

अमरनाथनं फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"दारातच उभा होता," अमीरबी म्हणाली. आवाजात राग नव्हता. "मी म्हणले, बाबा, आत ये, माय बघ. तर म्हणला, फोन चालू हाय, घ्या गाडीत. आन् निघून गेला. आतबी बघितलं न्हाई त्यानं."

"गुन्हा कुणावर घेऊ, तुम्हीच सांगा," वर्षाराणी म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला त्यापेक्षा कठोर निघाला, पण तिनं तो खाली आणला नाही. "गाडी चालू होती, सवारी आत बसलेली होती. तिला कुठं जायचं ते तिनं जितेपणी सांगितलं होतं आणि डायव्हर तिकडंच चालला होता. मग तिची वाट जबरदस्तीनं बदलत होतं ते कोण? या दोघांवर खटला होईल, मी ना म्हणत नाही. पण मग मयत तपासाला जाईल, कोर्टात या गावची माणसं येतील आणि हाच प्रश्न वकील तुम्हाला विचारतील. लातूरचे पत्रकार असतीलच."

अमरनाथ व्हॅनकडे गेला. का गेला, त्याचं त्याला तरी माहीत होतं की नाही कोण जाणे. त्यानं ताडपत्री वर केली. निजलेल्या मयताच्या पायाशी उभं राहून नमस्कार करता येतो, नजर चुकवता येते. बसलेल्या आईसमोर ते जमत नाही. तो वाकून आत शिरला आणि त्या मोकळ्या फळीवर तिच्यासमोर बसला. त्याचा फोन वाजला, वाजून थांबला, पुन्हा वाजला. त्यानं उचलला नाही. बाहेर चाकाला टेकलेली रेणुका उठून दाराशी आली. आतून कसला आवाज येतो ते तिनं ऐकलं आणि तीही आत चढली. ताडपत्री खाली पडली.

दोघं बाहेर आली तेव्हा अमरनाथचे डोळे लाल होते. "मांडव काढायला सांगतो," तो वर्षाराणीला म्हणाला. "शेताचं माझं मी बघतो. तक्रार नाही माझी."

गावानं मग वेळ लावला नाही. बेल आणला, भस्म आणलं, गावातल्याच जंगम अय्यांनी मंत्र म्हटले. अमरनाथ खड्ड्यात उतरला आणि त्यानं आईला धरून बसवली. बांधलेली ती इतकी व्यवस्थित होती की काही करावंच लागलं नाही. रामलिंगाच्या समाधीशेजारी ऊन कलायच्या आत माती सारखी झाली. वर्षाराणी शेवटपर्यंत थांबली. आज रात्री आपल्याला झोप लागणार नाही हे तिला माहीत होतं.

खोटी खबर दिल्याबद्दल नजीर जमादारांनी फरहानला असा दम भरला की त्याचे कान लाल झाले. मग त्यांनीच त्याच्यासाठी ट्रॅक्टरवाल्याकडून पाणी मागवून व्हॅन धुवून घेतली. फळी काढली, डिकीत टाकलेलं मधलं सीट पुन्हा बसवलं.

"दादीमाँ, पुढं बस," फरहान म्हणाला. "मागं ऊन हाय."

अमीरबीनं ऐकलं नाही. ती काठी आत टाकून मागच्या सीटवर चढली आणि एका अंगाला सरकून, खिडकीला लागून बसली. शेजारची जागा तिनं मोकळी ठेवली, पदरानं झटकूनही घेतली. वर्षाराणी दार लावायला पुढं झाली होती, ती तशीच थांबली.

फरहाननं गाडी चालू केली. रस्त्यावर यायच्या आधी एक खळगा होता. अमीरबीनं हात त्या मोकळ्या जागेवर आडवा धरला, लेकराला धरतात तसा, आणि पुढं ओरडून म्हणाली, "हळू घे, पोरा. तिला धक्के सोसत न्हाईत."

फरहाननं मागं वळून पाहिलं नाही. त्यानं गाडी हळू घेतली.